मुख्याध्यापिकांच्या कामाचे मूल्यमापन: निकालाच्या फ्लेक्सआधी नववीचा पट पाहा

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. तीन वर्षांपूर्वी सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापिका झालेल्या बाई. संस्थेने तुमच्यासह तिघांवर काम सोपवले आहे की बाईंचे नेतृत्व, दूरदृष्टी आणि शाळेतले वातावरण यांचे दोन महिन्यांत मूल्यमापन करा. हातात चाळीस मुद्द्यांचा तक्ता आहे आणि प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण द्यायचे आहेत. कार्यकारिणीतले निम्मे लोक म्हणतात, निकाल ९८ टक्के लागला, इमारत रंगवली, आणखी काय पाहिजे? काही शिक्षक म्हणतात, बाई कुणाचे ऐकत नाहीत. शिवाय दोन निनावी पत्रेही आली आहेत. तुम्ही विचारता, गुण कसे द्यावेत म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही.

गुणांचा प्रश्न नंतरचा आहे. खरी अडचण अशी, की शाळेत जे चांगले-वाईट घडते आहे त्यातले बाईंमुळे किती आणि त्या खुर्चीत दुसरे कुणी असते तरी घडलेच असते ते किती, हे तुम्हाला वेगळे करायचे आहे. दहावीच्या निकालात मुलांचा अभ्यास असतो, घरची परिस्थिती असते, गावातले क्लास असतात, आठवीपासून शिकवत आलेले शिक्षक असतात. यातून बाईंचा वाटा वेगळा काढायचा तर तक्ता बाजूला ठेवून शाळेत जावे लागते, दप्तर उघडावे लागते आणि ज्यांना सहसा कुणी काही विचारत नाही अशा माणसांशी बोलावे लागते.

मी शिक्षिका, पर्यवेक्षिका आणि मग मुख्याध्यापिका म्हणून काम केले. निवृत्तीनंतर आमच्या संस्थेच्या इतर शाळांत, आणि बोलावतील तिथे, असे मूल्यमापन करते. त्यामुळे इथे लिहिते ते मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांपुरते धरा. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतल्या प्राचार्यांचे अधिकार आणि बंधने दोन्ही वेगळी असतात.

बाईंच्या हातात काय नव्हते, तिथून सुरुवात करा. अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक आपले शिक्षक स्वतः निवडत नाहीत. किती पदे मिळणार हे संचमान्यतेत, म्हणजे शिक्षण विभागाच्या पदमंजुरीत, ठरते, तीही पटावर, आणि त्यातही आधार वैध झालेल्या पटावर. जागा रिकामी झाली तर ती पवित्र पोर्टल या सरकारी शिक्षकभरतीच्या संकेतस्थळाच्या वाटेने भरायची आणि तोवर थांबायचे. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराशिवायच्या खर्चाचे पैसे, वेळेवर येईल याचा भरवसा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात असे म्हटले आहे, पण मतदारयाद्यांच्या कामाला शिक्षक गेला की त्याचे तास रिकामे पडतातच. त्यावर यू-डायसमध्ये शाळेची माहिती भरणे, शालार्थमध्ये पगारबिले, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी. तुमच्या शाळेत गणिताचा शिक्षक दीड वर्ष नसेल, तर त्या दीड वर्षातला गणिताचा निकाल बाईंच्या नावावर टाकू नका. मात्र त्या दीड वर्षात गणिताचे तास कोणी घेतले, हे जरूर विचारा. बाईंनी स्वतः एक तुकडी घेतली, विज्ञानाच्या शिक्षकाला दुसरी दिली, शेजारच्या गावातल्या निवृत्त सरांना विनंती करून आठवड्यातून दोनदा बोलावले, असे काही निघाले तर तो नेतृत्वाचा पुरावा आहे. 'जागा भरली नाही, मी काय करणार' एवढेच उत्तर आले तर तोही पुरावाच.

दुसरी परिस्थिती सेवाज्येष्ठतेची. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतेने जाते आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी. म्हणजे अनेकांच्या वाट्याला ही खुर्ची शेवटची चार-पाच वर्षेच येते, आणि तीही त्याच शाळेत. काल ज्यांच्याबरोबर स्टाफरूममध्ये डबा उघडला त्यांनाच आज 'सर, सव्वाअकराला आलात' म्हणायचे. हे फार अवघड काम आहे आणि त्यासाठी आपण मुख्याध्यापकांची कसलीही तयारी करून घेत नाही. म्हणून 'बाई कुणाचे ऐकत नाहीत' ही तक्रार आली की लगेच बाजू घेऊ नका. कोणत्या गोष्टीत ऐकले नाही, कधी, कुणाचे, हे विचारा. मस्टरवर उशिराची नोंद केली म्हणून राग असेल तर ती बाईंच्या बाजूची गोष्ट आहे. पण एखाद्या तरुण शिक्षिकेने सहविचार सभेत वाचनतासाची कल्पना मांडली, 'तुम्ही अजून नवीन आहात' म्हणून तिला बसवले, आणि तेव्हापासून ती सभेत बोललेली नाही असे कळले, तर तो प्रकार गंभीर समजा. दोन्ही तक्रारींचे शब्द तेच असतील, 'ऐकत नाहीत'.

आता निकाल. त्यावर जरा रेंगाळते, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

९८ टक्के हा आकडा दहावीला बसलेल्या मुलांचा आहे. तुम्ही त्या आधीच्या दोन वर्षांचे पट मागवा. समजा ही तुकडी आठवीत असताना १८० मुले होती आणि दहावीला शाळेतर्फे नियमित म्हणून १४२ बसली. मधली ३८ कुठे गेली? जनरल रजिस्टर उघडून दाखला नेण्याची कारणे वाचा. काहींच्या पालकांची बदली झाली असेल, काही आयटीआयच्या आशेने थांबली असतील, मराठवाड्याच्या बाजूला असाल तर काही ऊसतोडीला गेलेल्या घरांतली असतील, काही मुलींची लग्ने झाली असतील. पण नववीत नापास आणि मग दाखला, असे एकाखाली एक दिसू लागले तर थांबा. 'तुझे काही खरे नाही, सतरा नंबरचा फॉर्म भर' हे वाक्य आपल्याकडे कितीतरी मुलांनी शाळेच्याच ऑफिसात ऐकले आहे. सतरा नंबरने बसलेले मूल खाजगी विद्यार्थी ठरते, शाळेच्या नियमित निकालात ते येत नाही. फ्लेक्सवर ९८ टक्के लागतात आणि ते मूल गॅरेजमध्ये किंवा शेतात असते.

तसेच अंतर्गत गुण पाहा. ज्या परीक्षेत ३५ गुणांना पास होता येते तिथे विषयाचे २० गुण शाळेच्या हातात असतात. लेखीत ८० पैकी १८ आणि अंतर्गतला २० पैकी १९, अशा जोड्या रांगेने दिसल्या तर त्या विषयाच्या शिकवण्याकडे कुणीतरी डोळेझाक करते आहे असे समजा. मुलांना तारून नेण्याची भावना मला कळते. पण मुख्याध्यापकांना हे दिसत असूनही त्यांनी त्या विषयासाठी वर्षभरात काहीच केले नसेल, तर निकालाचे श्रेय त्यांना देता येणार नाही.

उलटही घडते. एका शाळेत निकाल ९६ वरून ९१ वर आला म्हणून संस्थेचे लोक मुख्याध्यापकांवर नाराज होते. पट काढून पाहिला तेव्हा कळले, की त्या सरांनी नववीतल्या एकाही मुलाला दाखला नेऊ दिला नव्हता. सकाळी शाळेआधी मराठी आणि गणिताचे जादा तास लावले, स्वतः एक तास घेतला आणि जवळजवळ अख्खी तुकडी परीक्षेला बसवली. त्या ९१ ला मी ९६ पेक्षा वरचे मानते, आणि तसे अहवालात लिहिले. तुमच्याकडेही हा आकडा आधी काढा. बाकी सगळे त्यानंतर.

नेतृत्वाकडे वळते. शाळेची गुणवत्ता तपासायचा शाळासिद्धी हा आराखडा २०१५ पासून आपल्याकडे आला. त्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत, आणि शालेय नेतृत्वाच्या क्षेत्रात दिशा ठरवणे, बदल घडवणे, अध्ययन-अध्यापनाचे नेतृत्व आणि व्यवस्थापनाचे नेतृत्व अशी चार मानके येतात. तुमच्या तक्त्यातले बरेच मुद्दे त्याच धर्तीचे दिसतात. आराखडा चांगला आहे, पण तो शाळेने स्वतःला तपासावे म्हणून केलेला आहे, एका माणसाला गुण देण्यासाठी नाही. या चारपैकी एकाच गोष्टीकडे पाहायला वेळ असेल तर मी अध्ययन-अध्यापनाचे नेतृत्व निवडेन. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून असे दाखवले, की मुख्याध्यापकांच्या कामांपैकी मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम दिसतो तो शिक्षकांच्या शिकण्यात त्यांनी स्वतः सहभागी होण्याचा. माझा अनुभवही हेच सांगतो.

हे तपासायचे कसे? बाईंचे लॉगबुक मागा. प्रत्येक मुख्याध्यापकाने शिक्षकांचे पाठ पाहून नोंदी करायच्या असतात आणि ती वही शाळेत असतेच. बहुतेक वह्यांत अशा नोंदी सापडतात: 'पाठ चांगला झाला. फलकलेखन सुधारावे. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.' तारीख बदलते, शिक्षकाचे नाव बदलते, वाक्ये तीच. कधी कधी एकाच दिवशी, एकाच शाईने सहा पाठ पाहिलेले असतात. अशी वही तपासणीसाठी भरलेली असते.

आता दुसऱ्या प्रकारची नोंद, मी वाचलेली, थोड्याफार फरकाने देते: 'सहावी ब. अपूर्णांकांचा लहानमोठेपणा. तीन चतुर्थांश मोठा की चार पंचमांश, यावर पुढच्या दोन रांगांनी उत्तरे दिली. मागच्या मुलांना विचारले तेव्हा पाच हा आकडा मोठा म्हणून चार पंचमांश असे म्हणाली. उत्तर बरोबर, कारण चूक. सरांशी बोलले. कागदाच्या पट्ट्या घडी घालून करून पाहायचे ठरले. गुरुवारी परत जाते.' पुढे गुरुवारची नोंद होती. त्यात पट्ट्यांनी काय जमले, काय नाही, आणि सरांनी स्वतः शोधलेली एक युक्ती लिहिली होती. मुलाचे उत्तर बरोबर असूनही कारण चुकीचे आहे हे ऐकणारी, ते शिक्षकाला न दुखावता सांगणारी आणि गुरुवारी परत जाणारी मुख्याध्यापिका ज्या शाळेला मिळाली त्या शाळेचे भाग्य. तुम्हाला त्या वहीत अशा चार जरी नोंदी सापडल्या तरी अहवालात त्या जशाच्या तशा उतरवा. सापडल्या नाहीत तर शिक्षकांना विचारा, 'बाईंनी शेवटचा तुमचा तास कधी पाहिला आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले?' काही मुख्याध्यापक लिहिण्यात कच्चे असतात पण कॉरिडॉरमध्ये उभे राहून फार मोलाचे बोलतात. वहीत काही नाही म्हणून काम झालेच नाही असे धरू नका.

सूचनावही आणि सहविचार सभांचे इतिवृत्तही पाहा. वर्षभरात ज्या सभा झाल्या त्यातल्या किती सभांत मुलांच्या शिकण्यावर चर्चा झाली आणि किती सभा परिपत्रके वाचण्यात गेल्या? शक्य असेल तर एका सभेला मागे बसा. कोण बोलते, कोण गप्प असते, बाई एखादा प्रश्न विचारून थांबतात की उत्तरही स्वतःच देतात, हे अर्ध्या तासात समजते.

दूरदृष्टीबद्दल लोक फार मोठमोठे शब्द वापरतात. खुर्चीमागे फ्रेम करून लावलेले ध्येयवाक्य वाचून काही कळत नाही. चार वर्षे हातात असलेल्या माणसाकडून पंचवीस वर्षांचा आराखडा मागणेही बरोबर नाही. मी वेळापत्रक मागते. सगळ्यात अनुभवी शिक्षक कुठल्या वर्गांवर आहेत? आपल्याकडे रीत अशी की मातब्बर शिक्षक दहावीला आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, आलेली मुलगी पाचवीला. ज्या मुख्याध्यापकांनी ही रीत मोडून एक तरी कसलेला शिक्षक पाचवी-सहावीला दिला, त्यांना पुढचे दिसते आहे असे मी मानते, कारण त्याचे फळ त्यांच्या निवृत्तीनंतर कधीतरी दिसणार असते. तसेच त्यांनी काय बंद केले हेही विचारा. स्नेहसंमेलनासाठी महिनाभर तास बुडायचे ते दहा दिवसांवर आणले, शिष्यवृत्तीला दहा मुले निवडून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायची पद्धत थांबवली, असे काही? नवीन उपक्रम सुरू करणे सोपे असते, जुना थांबवताना लोक दुखावतात. त्यामुळे कुणाला दुखावूनही कशासाठी उभे राहिलात, हे विचारल्यावर दृष्टीचा अंदाज येतो.

आणि एक प्रश्न मी प्रत्येक शाळेत विचारतेच: 'पाचवीत आलेले मूल वाचत नसेल तर तुमच्या शाळेत त्याचे काय होते?' असे मूल असणारच. ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांच्या मोठ्या वाट्याला दुसरीचा मजकूरही सलग वाचता येत नाही, हे 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. हा प्रश्न आधी बाईंना, मग पाचवीच्या वर्गशिक्षकांना, मग ग्रंथालय पाहणाऱ्यांना आणि एखाद्या पालकाला विचारा, वेगवेगळे. सगळ्यांकडून साधारण एकच उत्तर आले, म्हणजे कोण त्याला घेऊन बसते, कधी, कोणती पुस्तके देतात, महिन्याने काय तपासतात, तर बाईंची दृष्टी भिंतीवरून खाली उतरून शाळेत पोहोचली आहे. बाईंनी सुंदर उत्तर दिले आणि वर्गशिक्षकांना त्यातले काहीच माहीत नाही, असेही होते. तेही लिहा.

शाळेचे वातावरण पाहायला परिपाठाच्या वेळी नाही, मधल्या सुट्टीत जा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, हे तुमच्यातल्या महिला सदस्याने पाहावे. तुमच्या तिघांत महिला नसेल तर समिती बदलून घ्या. फाटकापाशी उभे राहून उशिरा आलेल्या मुलाशी काय बोलले जाते ते ऐका. ऑफिसच्या खिडकीपाशी दाखल्यासाठी आलेल्या बाईला कारकून कसे बोलतो, तिला बसायला सांगतो का, तेही ऐका. मुख्याध्यापक माणसांशी जसे वागतात तसेच हळूहळू कारकून आणि शिपाई वागू लागतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याबद्दल मला शंका राहिलेली नाही.

दोन-तीन वर्गांत मागच्या बाकावर कोण बसते याची यादी करा आणि ती मुले कोणत्या वस्तीतून येतात ते पाहा. पारधी वस्तीतली, तांड्यावरची, वीटभट्टीवरची मुले जर प्रत्येक वर्गात मागेच असतील, आणि परिपाठाला पुढे येऊन बोलणारी मुले जर कायम गावातल्या ठरावीक घरांतलीच असतील, तर शाळेत काय चालले आहे हे तुम्हाला चाळीस मुद्द्यांपेक्षा जास्त कळेल. बाईंना हे दिसले आहे का, असे त्यांनाच विचारा. काही मुख्याध्यापकांनी साधी गोष्ट केलेली असते, दर सोमवारी बाक बदलायचे. ती करून सांभाळायला मात्र रोजचे लक्ष लागते.

छडीबद्दल स्पष्ट राहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. कोणत्या शिक्षकाच्या हातात काय असते हे मुले सहज सांगतात, बाईंना ते माहीत नसणे शक्य नाही. तक्रारपेटी शेवटची कधी उघडली आणि त्यातल्या कागदांचे काय झाले, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर आहे की बसते, हेही पाहा.

थोडक्यात, आतापर्यंत चार गोष्टी सांगितल्या: पटातली गळती, लॉगबुक आणि सभा, वेळापत्रक आणि पाचवीचा प्रश्न, मधली सुट्टी आणि मागचा बाक. यात बाईंच्या हाताबाहेरचे वजा करत जायचे.

माणसांशी बोलण्याबद्दल थोडे. शिक्षकांना एकत्र बोलावू नका, जो मोठ्याने बोलतो त्याचेच मत सगळ्यांचे ठरते. एकेकाशी बोला, आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारा. शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि दाखला नेलेल्या दोन-तीन मुलांचे पालक यांच्याकडे स्वतः जा, त्यांना शाळेत बोलावू नका. आणि कृपा करून मूल्यमापनाच्या काळात बाईंच्या खुर्चीत बसू नका. आपले संस्थाचालक सहज बसतात, आणि त्या एका कृतीने सगळ्या स्टाफला निकाल कळतो. बाईंना पहिल्याच दिवशी सांगा की आम्ही काय पाहणार आहोत, कुणाशी बोलणार आहोत, आणि त्यांनी स्वतः दोन पाने लिहून द्यावीत: तीन वर्षांत काय करायचे ठरवले होते, काय जमले, कुठे अडले. जे माणूस 'कुठे अडले' हे मोकळेपणाने लिहिते त्याच्याबद्दल माझे मत चांगले होते.

निनावी पत्रांचे असे करा. अक्षर कुणाचे याचा शोध घेऊ नका, आणि बाईंना पत्र दाखवून 'हे कुणी लिहिले असेल' असेही विचारू नका. पत्रातला मजकूर तपासता येण्याजोगा असेल, उदाहरणार्थ पोषण आहाराचा साठा किंवा पावत्या, तर इतर दप्तराबरोबर तोही तपासा. स्वभावाबद्दल असेल तर बाजूला ठेवा, खरे असेल तर एकेकाशी बोलताना ते येईलच. मात्र मुलामुलींच्या सुरक्षिततेबद्दल एक ओळ जरी असेल तर ती तुमच्या दोन महिन्यांच्या कामाचा भाग नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवावीच लागते, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे आधी समितीत चर्चा करू म्हणून थांबायचे नसते.

आता तुमचे गुण. तक्ता भरणे टाळता येत नसेल तर भरा, पण बेरीज करू नका. 'इमारतीची देखभाल' पाचपैकी पाच आणि 'अध्यापनाचे नेतृत्व' पाचपैकी दोन यांची बेरीज सात ही कुणाच्याच उपयोगाची नाही. प्रत्येक मोठ्या मुद्द्याखाली काय पाहिले, कुठल्या वहीत, कोणत्या दिवशी, ते दोन-तीन वाक्यांत लिहा. हा अहवाल आणि सेवाशर्ती नियमावलीतला वार्षिक गोपनीय अहवाल यांची सरमिसळ होऊ देऊ नका. गोपनीय अहवालाची पद्धत ठरलेली आहे, त्यातला प्रतिकूल शेरा लेखी कळवावा लागतो आणि त्यावर म्हणणे मांडायची संधी असते. तुमचा अहवाल सुधारणेसाठी आहे असे सांगून पुढे तो कारवाईच्या फाइलला जोडला, तर तुमच्या संस्थेतला पुढचा एकही मुख्याध्यापक 'कुठे अडले' हे कधी लिहिणार नाही. हे कार्यकारिणीकडून आधीच ठरावात घालून घ्या.

संस्थेचा स्वतःचा हिशेबही त्यात यायला हवा. तीन वर्षांपूर्वी बाईंना रुजू करून घेताना त्यांच्याकडून काय अपेक्षा आहे असे कुणी बसून सांगितले होते का? शाळा समितीच्या सभा किती झाल्या? त्या समितीचे सचिवपद मुख्याध्यापकांकडेच असते, पण सभेचा विषय शिकवणे असतो की बांधकाम? कुणाच्या शिफारशीने प्रवेश द्यायला किंवा तुकड्या बदलायला बाईंवर दबाव आला का, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर संस्था त्यांच्या मागे उभी राहिली का? तुम्ही नवीन सदस्य आहात, हे प्रश्न तुम्ही विचारू शकता. जुने विचारणार नाहीत.

अहवाल आधी बाईंना वाचायला द्या, आठ दिवस द्या, त्यांचे म्हणणे जसेच्या तसे जोडा, मगच कार्यकारिणीपुढे ठेवा. शेवटच्या पानावर पुढच्या वर्षासाठी बाईंनी करायच्या दोन-तीनच गोष्टी आणि तेवढ्याच संस्थेने करायच्या गोष्टी शेजारी-शेजारी लिहा: नववीतून एकही दाखला बाईंच्या आणि पालकांच्या भेटीशिवाय जाणार नाही, बाई आठवड्याला दोन तास वर्गात बसतील, त्या वेळेत ऑफिसची कामे पाहायला संस्था एक माणूस देईल, रिकाम्या जागेचा शिक्षणाधिकारी कार्यालयात पाठपुरावा कोणता सदस्य करील. प्रत्येकापुढे नाव आणि महिना घाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात तुम्ही तिघे आणि बाई पुन्हा एकदा बसा, नववीचा पट समोर घेऊन.